पॉइंट म्हणजे नेमका कितीचा?

इंदुरात घराचं काम काढलं की वायरमनचा पहिला प्रश्न असतो, ‘पॉइंट किती?’ सराफ्यात हिऱ्याची अंगठी बघायला गेलं की तिथे वेगळेच पॉइंट निघतात. रक्ताचा रिपोर्ट आला की ‘दोन पॉइंटनं वाढलं’, बाजार आपटला की ‘आठशे पॉइंट’, लग्नपत्रिका छापायला टाकली की ‘चौदा पॉइंट’. शब्द जिभेवर इतका बसलेला, की हा पॉइंट नेमका कितीचा हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा खपून जातं. जिथे खपत नाही तिथे फरक कधी कधी थेट दहापटीचा पडतो. इथे भर त्याच जागांवर आहे.

मुळाचं थोडक्यात सांगतो. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यावरून फ्रेंचमध्ये दोन शब्द झाले: एक टोचल्यावर उमटणाऱ्या ठिपक्याचा, दुसरा टोचणाऱ्या टोकाचा. इंग्रजीत येऊन दोघे एकाच ‘पॉइंट’मध्ये मिसळले. म्हणून पेन्सिलीचं टोकही पॉइंट आणि वहीतला ठिपकाही पॉइंट. टायरवाल्याच्या पाटीवरचं ‘पंक्चर’ याच घराण्यातलं. व्युत्पत्ती इथे एवढी पुरे, कारण खरी अडचण ठिपक्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय लिहिलंय याची आहे.

सराफ्यात ‘पॉइंट फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह पॉइंट’ हे दोन वेगळे हिरे आहेत. हिऱ्याच्या वजनाचा एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. त्याचे शंभर भाग केले की एक पॉइंट, म्हणजे 2 मिलिग्रॅम. ‘पॉइंट फाइव्ह कॅरेट’ म्हणजे अर्धा कॅरेट, पन्नास पॉइंट. ‘फाइव्ह पॉइंट’ म्हणजे 0.05 कॅरेट, त्याचा दहावा हिस्सा. फोनवर भाव विचारताना शब्द मागेपुढे झाले की दुकानदार अगदी प्रामाणिकपणे दुसऱ्याच खड्याचा भाव सांगतो. डोळ्यालाही हा फरक पूर्ण कळत नाही, कारण वजन दहापट झालं तरी व्यास सव्वादोनपटीच्याही आत राहतो. गोल पैलूंचा पन्नास पॉइंटचा हिरा पाच मिलिमीटरच्या थोडा वर भरतो, पाच पॉइंटचा अडीच मिलिमीटरच्या जरा आत.

दुसरी गफलत बेरजेची. पाच पॉइंटचे दहा खडे जडवलेली अंगठीही ‘पन्नास पॉइंटची’ म्हणून दाखवतात, आणि ते खोटं नसतं. पण पन्नास पॉइंटच्या एकट्या खड्याचा कॅरेटमागचा भाव बारीक खड्यांच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त असतो. म्हणून बिलावर खड्यांची संख्या आणि एकूण वजन हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. त्याच बिलावर आणखी एक हिशेब ताडून बघावा. अंगठीचं एकूण वजन 4.100 ग्रॅम आणि हिरे पन्नास पॉइंटचे असतील, तर त्यातले 0.100 ग्रॅम हिऱ्यांचे झाले. सोन्याचे पैसे 4.000 ग्रॅमचेच द्यायचे. (कॅरेट हा आणखी एक बहुरूपी. सोन्यात तो शुद्धता सांगतो, हिऱ्यात वजन. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.)

औषधात हीच दहापट जिवावर बेतू शकते. चिठ्ठीवर ‘.5’ लिहिलं आणि ठिपका पुसट उमटला की वाचणारा 5 वाचतो. ‘5.0’ लिहिलं आणि ठिपका दिसला नाही की 50. म्हणून औषधाच्या मात्रेचा नियम असा: एकाहून कमी मात्रा असेल तर ठिपक्याआधी शून्य हवंच, 0.5, आणि पूर्ण आकडा असेल तर ठिपका आणि त्यापुढचं शून्य लिहायचंच नाही, नुसतं 5. घरात आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी करून फ्रिजवर लावत असाल तर याच नियमानं करा.

चष्म्याच्या नंबरात पद्धत नेमकी उलटी. नंबर 0.25 च्या पायऱ्यांनी वाढतो, म्हणून तिथे ठिपक्यापुढे नेहमी दोन अंक लिहितात: 0.50, 0.75, 2.00. दोन अंक पक्के असले की एखादा अंक गळालाय हे लगेच लक्षात येतं. चूक होते ती बोलताना. ‘पॉइंट पंचवीस’ आणि ‘पॉइंट पाच’ यातला मोठा कोणता म्हणून विचारलं तर निम्मे लोक पंचवीस म्हणतील, कारण कानाला पंचवीस मोठे वाटतात. शाळेत गणिताच्या बाई ‘शून्य दशांश दोन पाच’ असं सुटं सुटं वाचायला लावत त्या एवढ्यासाठीच. आणि अधिक-उणेचं चिन्ह न सांगता नुसता ‘दीडचा नंबर’ सांगितला तर दुकानदाराला त्याचा काही उपयोग नाही. लांबचं दिसत नाही त्याला उणे, जवळचं वाचता येत नाही त्याला अधिक.

खरं तर मराठीला या ठिपक्याची गरज कमीच पडायला हवी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि त्यांत दहापटीची चूक होऊच शकत नाही. बाळाचं सिरप ‘टू पॉइंट फाइव्ह एमएल’ म्हणून सांगण्यापेक्षा ‘अडीच एमएल’ सांगावं. इंदुरात समोरचा हिंदी बोलणारा असेल तर ‘ढाई’. तो लगेच समजतो.

आता रिपोर्टातले पॉइंट. ‘हिमोग्लोबिन दोन पॉइंट वाढलं’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. 10.2 चं 10.4 झालं तरी लोक असंच म्हणतात आणि 12.2 झालं तरी असंच. पहिली वाढ दखल घेण्याजोगीही नाही. एवढा फरक दोन लॅबमध्येच पडतो. दुसरी वाढ म्हणजे साधारण दोन बाटल्या रक्त चढवल्याइतकी. तापाचं तसंच: ‘दोन पॉइंट ताप’ म्हणजे पाऱ्याच्या फॅरेनहाइट थर्मामीटरवरची एक बारीक रेघ, 0.2 अंश. मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, मात्र ‘एक पॉइंट’ म्हणजे अख्खा एक अंक धरतात, आणि तो मोठा असतो. 7 म्हणजे सरासरी साखर सुमारे 154, तर 8 म्हणजे सुमारे 183. मुलीनं फोनवर ‘बाबांचं एक पॉइंट वाढलं’ सांगितलं तर ‘किती होतं आणि किती झालं’ एवढं विचारावं. फरक ऐकून उपयोग नाही, दोन्ही आकडे हवेत.

दूध संकलन केंद्रावर याच्या उलट. तिथे फॅटचा एक पॉइंट म्हणजे 0.1. दर 3.5 फॅटला बांधलेला असेल आणि दूध 3.2 चं लागलं, तर तीन पॉइंट कापले जातात. पॉइंटमागे 30 पैसे कपात धरली तर लिटरला 90 पैसे. मधुमेहाचा पॉइंट डोक्यात ठेवून हा हिशेब केला तर काहीच जुळणार नाही.

याहून फसवे ते खोटे दशांश. दिसायला ठिपका तोच, पण त्याच्यापुढचा आकडा दहावा भाग नसतो. क्रिकेटमधली 19.4 षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि चार चेंडू. 150 धावा 19.4 षटकांत झाल्या तर कॅल्क्युलेटरवर 150 भागिले 19.4 करून 7.73 येतं, आणि ते चूक आहे. एकूण चेंडू 118. 150 भागिले 118 गुणिले 6, म्हणजे 7.63. गुणतक्त्यात नेट रनरेटवरून दोन संघांत चुरस असते तेव्हा घरी बसून केलेली आकडेमोड इथेच घसरते. घड्याळाच्या 9.30 ला कुणी फसत नाही, कारण तिथे सवय पक्की आहे.

बांधकामात मात्र रोज फसतात. मिस्त्री खोलीचं माप ‘10.11 बाय 12.6’ लिहून देतो. त्याच्या मनात 10 फूट 11 इंच आणि 12 फूट 6 इंच असतं. फरशीच्या दुकानातला पोरगा ते जसंच्या तसं कॅल्क्युलेटरवर मारतो: 127.4 चौरस फूट. खरं क्षेत्रफळ 136.5. नऊ चौरस फूट फरशी कमी आली. पुन्हा आणायला गेलं की त्या बॅचचा माल संपलेला असतो, आणि नव्या बॅचची छटा किंचित वेगळी निघते. उपाय सोपा आहे. इंचांना 12 नं भागून मग फुटांत मिळवायचं: 11 इंच म्हणजे 0.92 फूट, 6 इंच म्हणजे 0.5. किंवा सरळ मिलिमीटरमध्ये मापं मागायची.

स्थळांच्या बायोडेटात उंची ‘5.10’ लिहितात ती याच जातीची. कागदावर चालतं. पण एखाद्या मंडळानं वधू-वरांची यादी एक्सेलमध्ये चढवली की एक्सेल शेवटचं शून्य निरर्थक समजून टाकून देतं आणि 5.10 चं 5.1 होतं. पाच फूट दहा इंचांचा मुलगा पाच फूट एक इंचाचा होऊन यादीत बसतो. कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, किंवा उंची सेंटिमीटरमध्ये मागावी. 5 फूट 10 इंच म्हणजे 178. आणि ‘साडेपाच फूट’ म्हणजे 5 फूट 6 इंच, 5.5 असं लिहिलेलं मात्र बहुधा 5 फूट 5 इंच. हा एका इंचाचा तिढा कुणी सोडवायला जात नाही.

वायरमनचा पॉइंट यांपैकी कशातच बसत नाही. त्यात कामाचा एक अख्खा तुकडा मावतो: बोर्डावरचा स्विच, तिथून दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंतची वायर, भिंतीत मारलेली झिरी, तिच्यातला पाइप, टोकाचा होल्डर किंवा सीलिंग रोज, आणि जोडणी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत दिवा, पंखा, एक्झॉस्ट, घंटी हे पॉइंटवर मोजतात आणि सर्किटच्या तारा लांबीवर, मीटरनं. घरगुती ठेक्यात असं काही ठरलेलं नसतं. म्हणूनच दोन वायरमनचे भाव लावून बघण्याआधी दोघांचा पॉइंट एकच आहे का, ते बघावं.

दर मालासकट की नुसती मजुरी? बोर्डावरच्या सॉकेटला बरेच जण अर्धा पॉइंट धरतात, काही पूर्ण. जिन्याचा दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागायला हवा असेल तर टू-वे स्विच दोन, मधल्या तारा जास्त. तो एक पॉइंट की दोन? एसीच्या पॉइंटात एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, धरलाय का? इन्व्हर्टरच्या वेगळ्या तारा कशात गेल्या? झिरी बुजवणार कोण, वायरमन की गिलावा करणारा? या शेवटच्या प्रश्नावरून जेवढी भांडणं होतात तेवढी वायरच्या कंपनीवरून होत नाहीत. महाराणी रोडवर माल घ्यायला जाण्याआधी हे सगळं एका कागदावर, खोलीवार लिहून दोघांनी सही करावी. खोलीवार लिहिलं की पॉइंट कुणी कसेही मोजले तरी दिवा, पंखा, सॉकेट किती हे तरी पक्कं राहतं.

पॉइंटची ताकदही लिहून घ्यायची गोष्ट. जुन्या सवयीनं ज्याला ‘पाच अँपिअर’ म्हणतात तो आता 6 अँपिअरचा, आणि ‘पंधरा’ म्हणतात तो 16 चा. हिशेब साधा: वॅट भागिले 230. हजार वॅटची इस्त्री 4.3 अँपिअर घेते, लहान सॉकेटवर चालते. दोन हजार वॅटचा गीझर किंवा इंडक्शन 8.7 घेतो, त्याला मोठाच पॉइंट हवा. एकाच लहान सॉकेटवर मल्टिप्लग लावून इस्त्री आणि 750 वॅटचा मिक्सर बरोबर चालवले की 7.6 अँपिअर होतात. लगेच काही होत नाही; सॉकेटमधली पितळी पट्टी तापते, सैल पडते, सैल पडली की आणखी तापते. काही महिन्यांनी भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी होतं आणि जळका वास येतो. वास आला की नुसतं सॉकेट बदलून भागत नाही, मागची वायरही उघडून बघावी. तांब्याच्या तारेत सर्वसाधारणपणे दिवे-पंख्यांना 1.5, मोठ्या सॉकेटला 2.5 आणि दीड टनाच्या एसीला 4 चौरस मिलिमीटरची तार वापरतात. कंत्राटदार इथेच पैसे वाचवतो, कारण भिंत बंद झाल्यावर तार कुणाला दिसत नाही. पाइपात तारा ओढत असताना त्यांच्यावर छापलेला आकार वाचून घ्या आणि फोनवर फोटो काढून ठेवा.

पैशांतले पॉइंट दोन जातींचे. सेन्सेक्सचा पॉइंट हा नुसता निर्देशांकाचा अंक, 1978-79 सालाला 100 धरून मोजलेला. निर्देशांक 8,000 वर असताना 800 पॉइंट गेले तर ते दहा टक्के. 80,000 वर असताना तेवढेच गेले तर एक टक्का. ‘बाजार आठशेनं कोसळला’ या मथळ्यात घाबरण्यासारखं किती आहे ते भागाकार केल्याशिवाय कळत नाही. दुसरी जात बेसिस पॉइंटची: एका टक्क्याचा शंभरावा भाग. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, 25 बेसिस पॉइंटनं उतरला म्हणजे पाव टक्क्यानं. तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज 8.50 टक्क्यांनी असेल तर हप्ता 26,035 रुपये, 8.25 झाल्यावर 25,562. महिन्याला 473 चा फरक. बँका मात्र बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. इथे ती दहा-अकरा हप्त्यांनी आटोपते. आणि दर 8 वरून 9 झाला तर वाढ एका टक्क्याची नव्हे, साडेबारा टक्क्यांची असते. एक आहे तो फक्त टक्केवारीतला पॉइंट.

छापखान्यातला पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, 0.35 मिलिमीटर. बारा पॉइंटांचा एक पायका. पण 72 पॉइंटचं अक्षर एक इंच उंच निघत नाही. पॉइंट हा अक्षर ज्या चौकटीत बसतं तिचा असतो, अक्षराचा नाही. इंग्रजी कॅपिटल त्यात जेमतेम 0.7 इंच भरतं. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-जोडाक्षरं यांच्यासाठी जागा सोडावी लागते, म्हणून मधलं अक्षर आणखी लहान होतं. कृतिदेव हा हिंदी टायपिंगचा फॉन्ट तर चणीनं बारीकच. इथल्या हिंदी दफ्तरांत तो चौदा-सोळाला ठेवतात. पत्रिकेत मराठी आणि इंग्रजी शेजारी येत असतील तर पॉइंट सारखे करत बसू नका, छापून डोळ्यांनी जुळवा. वयस्कर मंडळींसाठी मराठी मजकूर 14 वर, दोन ओळींतलं अंतर 18 ते 20. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा ‘द्धू’ खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

रुळांचे पॉइंट म्हणजे मराठीतले सांधे, हिंदीतले काँटे. निमुळती जीभ-रूळ शेजारच्या रुळाला घट्ट चिकटली तरच सिग्नल मिळतो. चाचणीला मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी ठेवतात, आणि ती असताना सांधा लॉक होता कामा नये. म्हणून खडीचा एक खडा अडकला तरी स्टेशनच्या अलीकडे गाडी उभी राहते. ‘त्यानं सांधा बदलला’ हा मराठी वाक्प्रचार इथलाच. जुन्या स्कूटरच्या इंजिनात ठिणगी पाडायला लागणारा कॉन्टॅक्ट पॉइंट आता गेलाच. त्याची फट सुमारे 0.4 मिलिमीटर, आणि एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा आला की पॉलिश पेपर मारण्याआधी कंडेन्सर बदलायचा, कारण पॉइंट जळायचा तो बहुधा त्याच्यामुळे.

राहिले सहलीचे पॉइंट. महाबळेश्वरला टॅक्सी पॉइंटांवर ठरते, तोच हिशेब घेऊन इकडची मंडळी मांडूला जातात. इंदुराहून मांडू सुमारे शंभर किलोमीटर. तिथे इको पॉइंट हा नावातच पॉइंट, पण जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशाहची कबर, जामी मशीद, रेवा कुंड आणि रूपमतीचा मंडप हे कुणी एक-एक धरतं, कुणी पहिल्या दोघांना मिळून एकच. गाडीवाल्याशी बोलताना पॉइंट किती हे विचारू नका. नावं सांगा, रूपमतीच्या मंडपावर सूर्यास्तापर्यंत थांबायचंय हे आधी सांगा, आणि परतीला अंधार झाला तर जादा पैसे किती, तेही निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.